साडूचा सोनेरी फेस

माझ्या धाकट्या साडूइतका जळण्याच्या लायकीचा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नाही. हे मी अनुभवाने सांगतो. मी त्याच्यावर उभा जन्म जळलो, आणि ते त्याच्या एकदाही लक्षात आलं नाही, हा आणखी एक जळण्याचा विषय. दिसायला म्हणाल तर काही नाही. हातपाय काड्यांसारखे, खिशांत दगड भरलेले असल्यामुळे कोट दोन्ही बाजूंनी लोंबलेला, आणि नवा दगड दिसला की आधी जिभेला लावायची सवय. नागपुराकडे साहेबाची मँगनीजची खाण होती; तिथल्या तपासणीच्या खोलीत दगड कुटून त्यात धातू किती ते पाहण्याचं काम तो करी. जन्माने सोनार, पण हातोडी कधी हातात धरली नाही. तरी मंगरूळपिरात सासऱ्यांच्या घरी तो आला की सासूबाई पुरण घालत. मी रोज त्याच घरात जेवत होतो, पण मला पुरण मिळायचं ते त्याच्या पुण्याईने.

त्याला वेड होतं फेसाचं. खाणीवर बायका बसून धातूचा दगड आणि साधा दगड हाताने निवडत. पण दगडाची बारीक भुकटी झाली की ती कोण निवडणार? फेकूनच द्यावी लागे. साडूचं म्हणणं असं, की पाण्यात विजेचा प्रवाह सोडला की बारीक बुडबुडे निघतात. त्यांना धातूचे कण तेवढे चिकटावेत, माती खाली राहावी आणि वरचा फेस काढून घ्यावा. झालं. या एका ‘झालं’पायी त्याने जगातला एकही फेस सुखाने निवू दिला नाही. वरणाला उकळी आली की हा चुलीशी. धोबी कपडे आपटतोय, हा घाटावर. शेलूबाजारला माझ्या पुतणीच्या लग्नात नवरीच्या न्हाण्यासाठी रिठे उकळून ठेवले होते, त्यात याने खिशातली भुकटी टाकून पाहिली. नवरी काळीठिक्कर होऊन बाहेर आली. दुसरा कोणी असता तर मांडवातून हाकलला असता. माझी वहिनी मात्र पोट धरधरून हसली आणि यालाच विचारते, “भाऊ, आखीन रिठे देऊ का तुमाले?” माझी बायको तर त्याच्या बायकोला, म्हणजे आपल्याच धाकट्या बहिणीला, माझ्यादेखत म्हणाली, “नशीब काढलं बाई तू. आमच्याकडं निस्ती ठोकाठोकी.”

इथपर्यंत हसण्यावारी नेता आलं असतं. पण सासऱ्यांना, म्हणजे आमच्या मामाजींना, मुलगा नव्हता. दोन मुली, दोन जावई आणि दुकान एक. मी शेलूबाजारचं घर सोडून त्यांच्या हाताखाली येऊन बसलो होतो, आणि त्यांच्यामागे त्या गादीवर कोण, हे मनाशी ठरवूनही टाकलं होतं. एका वर्षी साडू हिवतापाने झिजून विश्रांतीला आला आणि त्याची नजर आमच्या राखेवर पडली. सोनाराच्या दुकानात घासताना-कापताना सोन्याचा कीस उडतो, तो शेगडीच्या राखेत आणि केरात जातो. ती राख साठवून आम्ही झारेकऱ्याला विकत असू. तो ती धुऊन सोनं काढी, पण अगदी बारीक कण त्याच्याही पाण्याबरोबर वाहून जात. साडू म्हणाला, “मामाजी, खाण तं तुमच्या घरातच हाय.” मामाजींचे डोळे लकाकले. “हे जमलं तं दुकान तुमच्या हवाली करतो, जवाईबापू. दागिने घडवणारे काय, गावोगाव पडले हायेत.” मी समोरच पाटली घडवत बसलो होतो.

मग सासूबाईंच्या लोणच्याच्या बरण्या रिकाम्या झाल्या. त्यांत जस्ताची पट्टी, कोळशाची कांडी, खाणीवरची काळी भुकटी आणि आमच्याच दुकानातला नवसागर घालून त्याने वीज तयार केली. गावात विजेचा दिवा अजून यायचा होता, त्यामुळे सगळी आळी वीज पाहायला लोटली, आणि दिसण्यासारखं काहीच नाही म्हणून परत गेली. तारा एका मोठ्या काचेच्या हंडीत सोडल्या. तळाशी लोखंडी जाळी, पाण्यात पापडखार, थोडं रिठ्याचं पाणी आणि आमची राख. बुडबुडे खरंच यायचे. फेसही यायचा. पण फेसात यायची राख, आणि सोनं आपलं तळाशी. थोड्या वेळाने बुडबुडेही थांबत. “बरण्या दमल्या,” असं म्हणून हा त्यांना विश्रांती द्यायचा आणि स्वतःही आडवा व्हायचा. मला त्या दिवसांत दोन घास जास्त जात. एकदा मी मामाजींना विचारलंसुद्धा, “राख विकून टाकू का?” “थांबा न,” ते म्हणाले, “तुमाले काहून घाई?”

दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा. ऐरण, हातोड्या, सांडश्या, सगळं घासून, तेलाचा हात फिरवून पाटावर मांडायचं. सासूबाईंनी साडूची जाळीही ओढून काढली आणि तिला जवसाचं तेल चांगलं चोपडलं.

“मामी, तेल कायले?” तो कळवळून म्हणाला.

“हत्यार हाय ना तुमचं? मंग त्याले कोरडं ठेवतात का?”

सासूबाईंपुढे कोणाचं चालणार? दुसऱ्या दिवशी त्याने ती तेलकट जाळी तशीच पाण्यात सोडली, आणि फेस वर आला तो पिवळसर झाक घेऊन. तेलाचा हात लागलेला सोन्याचा कण पाण्याला नको झाला होता. तो बुडबुड्याला धरून वर येत होता. मामाजींनी तो फेस वाळवून मुशीत घातला आणि माझ्यापुढे ठेवला, कारण आटवायचं काम माझं. माझ्याच फुंकणीने, माझ्याच डोळ्यांसमोर मुशीच्या बुडाशी सोन्याचा मणी जमला. कसोटीवर मीच घासला. अस्सल होता.

“हे तं मामीच्या तेलानं झालं,” मी म्हटलं. त्याचं श्रेय थोडं तरी कमी व्हावं, एवढाच हेतू. तर हा गृहस्थ उठला आणि सासूबाईंच्या पाया पडला. “दादा बरोबर म्हणून राह्यले. शोध मामीचा हाय.” आता अशा माणसावर जळायचं तरी कसं? मामाजींनी दुकानाची किल्ली पुढे केली. तो दचकून मागे सरला. “मले कायले दुकान, मामाजी? ते दादाचं हाय. मले खाणीवर जाऊन दगडाचा फेस पाहायचा हाय.” आणि गेलासुद्धा. किल्ली मला मिळाली. मामाजींनी ती प्रेमानेच दिली, पण ती दुसऱ्याने नको म्हटलेली होती, आणि गादीवर बसताना मला ते रोज बोचायचं.

आता मामाजी नाहीत, साडूही नाही. मला तो आठवतो तो मात्र हरून आलेला. काही वर्षांनी तो आला, आमच्याबरोबर जेवायला बसला आणि जेवता जेवता हसत म्हणाला, “नाई जमलं, दादा. सोनं वर येते, पण खाणीतला काळा दगड बुडाशीच बसून राह्यते. साहेबानं सामान फेकून देलं.” हा क्षण यावा म्हणून मी मनातल्या मनात किती नवस बोललो होतो, आणि तो आला तर माझ्याच घशाखाली काही उतरेना. मी म्हणून गेलो, “तेल काहून बदलून नाई पाह्यलं? मोहाचं घे. नाई तं तेलाचा साबणच घालून पाह्य.” गादीवर बसून मी इतकी वर्षं दुसरा विचार तरी कशाचा केला होता? तो ताटावरून पुढे सरकला. मग उष्ट्या हाताने माझा खांदा धरून म्हणाला, “दादा, तुमी इतके दिवस काहून नाई बोलले?” आणि उठलाच. त्याच्यामागे मामाजी उठले, सासूबाई साबण शोधायला धावल्या, माझी बायको बरण्या पुसू लागली. घडीभरात सगळं घर अंगणात त्याच्याभोवती गोळा झालं. त्यांचं हसणं मला आत ऐकू येत होतं. मी एकटाच पाटावर राहिलो, आणि त्याच्या अर्ध्या टाकलेल्या ताटावर माश्या बसू नयेत म्हणून हाताने वारा घालत बसलो.