हे संपलं की आपण...

दर हिवाळ्यात मी साताऱ्याहून थेट बेळगावचं तिकीट काढत असे. गाडी निपाणीला थांबली की खिडकीतून रुमाल हलवायचा, मग गर्दीतून यशवंत वर चढायचा आणि कोल्हापूरपासून मी अडवून ठेवलेल्या जागेवर बसायचा. बसल्याबसल्या विचारायचा, "काय मास्तर, यंदा काय खायचं ठरलंय?" आम्ही जात असू बेळगावच्या कलामहोत्सवाला. गाणं, एकांकिका, चित्रांचं प्रदर्शन असं सगळं तिथं असे. पण त्याची सुरुवात खाण्यापासून व्हायची.

यंदा मी निपाणीपर्यंतचंच तिकीट काढलं. श्रावणात यशवंत काविळीनं गेला. कोल्हापूरच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो होतो. पुढं तो निपाणीच्या पोस्टात लागला, मी साताऱ्यात एका शाळेचा ग्रंथपाल झालो. मी कधी शिकवलं नाही, पण तो मला मास्तरच म्हणत राहिला. महोत्सवाच्या दिवसांत त्याच्या आईनं कुणाकडून तरी पत्र लिहून घेतलं, "एकदा येऊन जा." तेवढ्यासाठी निघालो.

कागल मागं पडलं की दुकानांच्या पाट्या बदलतात. निपाणीत उतरलं की हवाच बदलते. तंबाखूचा खकाणा (बारीक धूळ) नाकात जातो आणि परक्या माणसाला शिंका येतात. "शिंकला की पाव्हणा, न्हाय शिंकला की गावचा," असं यशवंत म्हणायचा. इतक्या वर्षांत मी गावचा झालो नव्हतो. त्या दिवशीही शिंकलो.

त्याच्या आईचा सारा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला. त्या कमाईवर तिनं एकटीनं त्याला शिकवला. बुद्धाच्या तसबिरीशेजारी आता त्याचा फोटो होता. चहा पुढं ठेवून ती म्हणाली, "फोटू हाय. पर फोटू बोलत न्हाय. आवाज इसराय लागलोय मी त्येचा." (तिकडे बायकाही 'आलो, गेलो'च म्हणतात.) "दत्ताच्या टेपात हाय म्हणं. एकदा आणून ऐकव की, बाळ."

दत्ता आमचा तिसरा मित्र. कॉलेज अर्ध्यात सोडून तो बेळगावात, वडगावला, घरच्या मागावर बसला. गेल्या महोत्सवात एका सकाळच्या गाण्याला तो आपला टू-इन-वन घेऊन आला होता आणि आम्ही तिघं शेजारी बसलो होतो. यशवंत पाच मिनिटं गप्प बसणारा माणूस नव्हता, म्हणजे त्याचा आवाज टेपमध्ये असणारच. "उद्या आणतो," मी त्याच्या आईला म्हणालो.

स्टँडवरून दत्ताच्या गल्लीतल्या दुकानात फोन करून येतोय असा निरोप ठेवला. बेळगावच्या गाडीत शेजारची जागा मोकळी होती. संकेश्वरला एक म्हातारा पोत्यासकट चढला आणि जागेकडे बोट करून म्हणाला, "इल्ले यारर अदारेनरी?" (इथं कुणी आहे का?) मला येणाऱ्या चार कानडी शब्दांपैकी एक मी वापरला. "इल्ल." (नाही.) पुढं हत्तरगी गेलं, उसाचे फड गेले, घाट गेला. मी खिडकीबाहेर बघत होतो एवढंच.

दत्ता स्टँडवर सायकल धरून उभा होता. तिथून आम्ही नेहमीच्या हॉटेलात गेलो. डोसा सांगितला आणि त्यानं महोत्सवाचं पत्रक टेबलावर पसरलं.

"आज संध्याकाळी एकांकिका हाईत, उद्या गाणं," तो म्हणाला. "आत्ता गेलो तर चित्रं मिळतील."

"चित्रांना उपाशी जायचं," मी म्हणालो.

"व्हय. नाटकाआधी खायचं, गाण्यानंतर खायचं. आन् चित्रांना उपाशीच, म्हंजी लौकर भाईर पडतंय माणूस." यशवंताचा नियम त्यानं यशवंताच्याच सुरात म्हणून दाखवला. आम्ही हसलो.

डोसा गार होत होता. दत्तानं विचारलं, "गेल्या साली त्या गाण्यानंतर काय खाल्लं रं आपण?"

"काही नाही. भैरवी झाल्याशिवाय मी उठू दिलं नाही तुम्हाला. खानावळीत पोचलो तर भांडी घासायला घेतली होती."

"बरोबर. लई शिव्या घातल्या त्येनं तुला. एणगाई खायची हुती त्येला." (तेलातली भरली वांगी.) "मग स्टँडवर शेंगा खाल्ल्या."

"त्यानं नाही खाल्ल्या. रुसला होता."

नंतर चित्रं बघितली. त्यातलं एकही आठवत नाही.

वडगावात शिरलं की आधी मागांचा आवाज येतो, मग घरं दिसतात. दत्ताच्या घरात दोन पॉवरलूम आहेत, शेजारी तीन, समोर चार. भिंतीला हात लावला तर ती थरथरत असते. घरातली माणसं अर्धं बोलणं हातांनी करतात. दत्ताची बायको माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ह्या घरात मागाच्या वर आवाज जायचा तो यशवंतभावजींचाच."

कॅसेट दत्तानं रुमालात बांधून ठेवली होती. लावली, पण एक सूर कळेना. "आपले माग थांबवून उपेग न्हाय," तो म्हणाला. "गल्ली थांबाय पायजे. दुपारी करंट जातंय, तवा ऐकू."

"करंट गेल्यावर टेप कसा चालणार?"

"शेल घातल्यात की, मास्तर."

आम्ही दोघं टेपजवळ बसून वीज जायची वाट बघत राहिलो. अडीचच्या सुमाराला ती गेली. आधी आमचे माग थांबले, मग शेजारचे, मग दूरवरचे. कुठंतरी एक कोंबडा आरवत होता तो ऐकू यायला लागला. दत्तानं बटण दाबलं.

तंबोरा लागला. गाणाऱ्या बाईंनी षड्ज लावला, आलापी सुरू झाली. आणि मग अगदी जवळून, माईकच्या तोंडाशीच, यशवंत बोलला.

"मास्तर, हे संपलं की आपण..."

"श्श. गप रे."

तो दुसरा आवाज माझा होता.

मी पुढं ऐकत राहिलो. तो पुन्हा कधी बोलेल याची वाट बघत होतो. विलंबित झालं, द्रुत झालं, दत्तानं कॅसेट उलटी केली. मध्ये कुणीतरी खोकलं. तोही यशवंत नव्हता. पुढं टाळ्या, भैरवी, पुन्हा टाळ्या. कॅसेटच्या दोन्ही बाजू संपल्या. जन्मात कधी गप्प न बसलेला माणूस त्या दिवशी माझ्या शेजारी गप्प बसून होता आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"त्येनं ऐकलं तुझं," दत्ता हळूच म्हणाला. त्याला बोचरं काही म्हणायचं नव्हतं. थोड्या वेळानं वीज आली आणि सगळे माग एकदम सुरू झाले.

एकांकिकांना गेलो नाही. सकाळी निघताना दत्तानं टेपही माझ्या हातात दिला. "म्हातारीकडं ऐकायला काय हाय? ठेव तिच्याकडंच."

निपाणीला पोचेपर्यंत मी ठरवत होतो की काहीच उमटलं नाही म्हणून सांगावं. पण ती दारातच बसली होती. पदरानं हात पुसून तिनं टेप मांडीवर घेतला, तान्हं मूल घ्यावं तसा. मी बटण दाबलं.

"मास्तर, हे संपलं की आपण..."

"श्श. गप रे."

"परत लाव," ती म्हणाली. मी परत लावलं. ती ओठ हलवून त्याचे शब्द त्याच्याबरोबर म्हणत होती. पुन्हा लावलं. मग तिनं विचारलं, "गप कोण म्हणलं रं?"

"मी."

तिनं मान हलवली. रागावली असती तर बरं झालं असतं. "फुडं काय म्हणणार हुता त्यो?"

"जेवायला कुठं जायचं ते. दुसरं काय म्हणणार?"

"त्येबी खरं." ती पहिल्यांदा थोडी हसली. "मग जेवला न्हवं त्या दिशी?"

सकाळपासून माझ्यामुळं उपाशी राहिलेला, स्टँडवर शेंगांची पुडी हातानं बाजूला सारणारा यशवंत मला दिसला.

"व्हय," मी म्हणालो. "पोटभर जेवला. एणगाई होती."

"वांगं आवडायचं त्येला," ती म्हणाली.

साताऱ्याच्या गाडीत मी त्या बाईंची भैरवी आठवायचा प्रयत्न केला. तिच्यासाठी मी त्याला उठू दिलं नव्हतं, आणि कालच ती पुन्हा ऐकली होती. एक ओळही आठवली नाही. यापुढं महोत्सवाला जाण्यासारखं काही उरलेलं नाही. गाणं तिथं होतच राहील.

सोमवारी ग्रंथालय उघडलं. मधली सुट्टी व्हायची होती. खिडकीजवळच्या टेबलाशी दोन मुली, डब्यात काय आहे आणि कुणी काय खायचं, ते ठरवत होत्या. मी मान वर करेपर्यंत सवयीनं माझं बोट ओठांवर गेलेलं होतं.

त्या गप्प झाल्या.