त्याच्या बाकावर

लांजेवार सर दोन ठिकाणांहून शिकवत. समोरच्याची बाजू मांडायची असली की गुडघ्यावर हात दाबत ते मंचावरून खाली उतरत आणि आमच्यापैकी कुणाच्या तरी बाकावर येऊन बसत. ती बाजू पुरी मांडून झाली की मगच वर चढून तिला उत्तर देत. पूर्वपक्ष खाली, उत्तरपक्ष वर. भंडाऱ्याच्या आमच्या कॉलेजात तत्त्वज्ञानाचा वर्ग सायकल स्टँडलगतच्या खोलीत भरे. खिडकीतून डोकावणारे हसत, कारण मंचावर कुणीच नसे आणि सर आमच्यात बसून स्वर्ग-नरक सगळं खोटं असल्याचं ठासून सांगत असत.

चार्वाकाच्या तासाला ते असेच माझ्या शेजारी बसले होते. आमच्या वर्गातल्या विमलच्या घरी रोज पोथी वाचली जायची. ती रडकुंडीला आली. "सर, तुम्ही खरंच देव मानत नाही?"

"थांब गं बाई," सर म्हणाले, "अजून मी खालीच बसलो आहे."

त्यांचं एक सांगणं नेहमीचं होतं. "ज्याचं म्हणणं खोडायचं, त्याच्या बाकावर आधी बसा. त्याची बाजू अशी मांडा, की त्यानंच म्हणावं, हो, हेच म्हणत होतो मी." पुनर्जन्मावर बोलताना मी एकदा विमलची बाजू टिंगलीच्या सुरात मांडली. सर रागावले की थेट आमच्याकडच्या झाडीबोलीवर येत. "तू आयकूनच नाही राहिला रे सुखदेव. तुही बोलाची पारी कवा येते, थेच पाहून राहिला." तीन दिवस त्यांनी मला तिची बाजू मांडायला लावली. चौथ्या दिवशी विमल "हो" म्हणाली. तोवर मला तिचं म्हणणं खोडायची घाई उरली नव्हती.

मी सानगडीचा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. अकरावी-बारावीला सरांनी तर्कशास्त्र शिकवलं, त्या ओढीनं बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत घरी गेलो तेव्हा बाबांनी बांधावर बसून विचारलं, "त्याच्यात काय शिकोते?" मी पूर्वपक्ष-उत्तरपक्षाचं सांगू लागलो. "तुले गोड लागते ना?" ते म्हणाले, "मंग शीक." आणि ते पुन्हा चिखलात उतरले.

वसतिगृहातला माझा खोलीसोबती विनायक मात्र सोडत नसे. "काबे सुखदेव, भगवे कपडे शिवाले टाकले का नाही अजून?" एका संध्याकाळी मात्र तो हसला नाही. "शाळेत हा विषय कुठंच नाही. बी.एड.ले कोन घेईन तुले?" ही भीती माझ्या मनात जी बसली ती बसलीच. विषय बदलायची मुदत संपायच्या दिवशी मी ऑफिसात फॉर्म मागितला. कारकून म्हणाला, "पाच पोरं आहेत म्हणून तुमचा वर्ग आहे. तू गेला का बंद. मालूम आहे ना?"

मला मालूम होतं.

फॉर्मवर सरांची सही लागत होती. स्टाफरूममध्ये ते एकटेच बसले होते. मी म्हणालो, "सर, बाबा अर्थशास्त्रच घे म्हणतात. ऐकतच नाहीत." हे वाक्य मी जिन्यावर तयार केलं होतं.

सर उठले. टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले. मग माझ्या बाबांच्या वतीनं बोलू लागले. पाण्याच्या भरवशावर धान पिकवणाऱ्या माणसाला मुलाचा महिन्याचा पगार म्हणजे काय वाटत असेल, लहान बहिणीचं, सुमनचं लग्न पुढं असताना पोराचा विषय कसा दिसत असेल, हे त्यांनी इतक्या आदरानं मांडलं की माझ्या खोट्या बाबांची बाजू मला पटली. शेवटी त्यांनी विचारलं, "हेच म्हणतात ना ते?"

"हो," मी म्हणालो.

आता ते उठतील, पलीकडच्या आपल्या खुर्चीत बसतील आणि उत्तर देतील, म्हणून मी वाट पाहत होतो. ते उठले नाहीत. त्याच स्टुलावर बसून त्यांनी सही केली.

आठवडाभरात तत्त्वज्ञानाचा वर्ग बंद झाला. विमलनं मराठी घेतलं. पुढे सर फक्त अकरावी-बारावीचं तर्कशास्त्र शिकवत. व्हरांड्यात भेटले की "अर्थशास्त्र जमतं का रे?" एवढंच विचारत.

बी.ए., बी.एड. करून मी नाकाडोंगरीच्या शाळेत लागलो, तेव्हा पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्या दिवशी खरं सांगायचं असं एस.टी.त ठरवलं होतं. त्यांनी विचारलं, "पोरांच्या बाकावर बसतोस का?" मी म्हणालो, बसतो. मग म्हणाले, "बाबा बरे आहेत ना? फार चांगला माणूस." सर कधी सानगडीला आले नव्हते. ते सहजच म्हणाले असतील, असं मला वाटलं. पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात देऊन मी उठलो.

दोन वर्षांनी सर गेले. मी ती बातमी घरी सांगितली, तसा बाबांनी हातातला विळा खाली ठेवला.

"लय भला मानूस. भेटले होते मले."

"कधी?"

"सुमनच्या लग्नाचे भांडे घ्याले भंडाऱ्याले गेलतो, तवा तुह्या कॉलेजात आलतो. तू नव्हता. थे म्हनले, पोराले अर्थशास्त्र घ्याले लावलं, काही चुकलं नाही तुमचं. मी म्हनलो, गुरुजी, मी कायले लावीन? मी तं त्याले म्हनलो होतो, गोड लागते थे शीक."

"मग?"

"मंग मले फाटकापावतर सोडाले आले. जाताना म्हनले, हे त्याले सांगू नका. भेव वाटला असन पोराले."

म्हणजे पेढे घेताना त्यांना सगळं माहीत होतं.

सहीच्या दिवशी खुर्चीकडे परत जाऊन सर काय बोलले असते, ते मी अजूनही मांडून पाहतो. कधी वर्ग सुटल्यावर रिकाम्या बाकावर बसून, कधी शाळेच्या वाटेवर चालताना. दर वेळी थोडं अधिक नीट जमल्यासारखं वाटतं. पण "हो, हेच म्हणत होतो मी," असं म्हणायला सर नाहीत.