केसपेपरवरची शेती

तुमच्या घरातला माणूस रंगाच्या कारखान्यात असेल, तर त्याची लघवी कामामुळे लाल आहे की रक्तामुळे, हे तुम्ही कशावरून ठरवता?

आम्ही बॅचवरून ठरवत होतो. बाबा बेटेगावहून सायकलने तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत जायचे. रंगाच्या भुकटीची पिंपं उघडून ती फावड्याने टाकीत ओतायची, हे त्यांचं काम. पिवळी बॅच असली की घाम पिवळा, उशी पिवळी, लघवीही पिवळी. लाल बॅच असली की सगळं लाल. खात्यात त्यावरून थट्टा चाले. पाळी संपली की ठेकेदार उतारा म्हणून प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवी. हातमोजे कधी दिले नाहीत.

एका वर्षी पावसाळाभर लाल बॅच चालली. दिवाळीला कारखाना आठवडाभर बंद राहिला, तरी बाबांची लघवी लालच.

"जुना रंग निघतोय. बरं हाय," बाबा म्हणाले.

दुखत काही नव्हतं. आईला ते पटलं आणि मलाही पटलं. मी तेव्हा पालघरला कॉलेजात होते. कामगारांची पत्रकं लिहून स्टेशनबाहेर वाटत होते. लहानपणी वाचायलाही मी घरी येणाऱ्या पत्रकांवरच शिकले, 'शोषण' हा शब्द 'ससा'च्या आधी. आणि आमच्याच मोरीतलं रक्त मला वाचता आलं नाही.

होळीच्या सुमारास गुठळ्या पडून लघवी अडली, तेव्हा मुंबईचं सरकारी इस्पितळ गाठलं. केसपेपरवर धंद्याचा रकाना होता. बाबांनी माझा हात धरला. कारखान्याचं नाव इस्पितळात घेईल त्याला परत कामावर घेणार नाही, असं ठेकेदाराने सगळ्यांना बजावलं होतं.

"शेती लिही. खोटं थोडंच हाय?"

डोंगराकडे आमचा पावसावरचा एक तुकडा होता. मी 'शेती' लिहिलं.

दुर्बिणीने मूत्राशयातली गाठ काढली. तरुण डॉक्टरीणबाईंनी तिचा तुकडा एका प्रथिनाच्या तपासणीला पाठवला होता. त्यांनी आम्हा दोघांना सूक्ष्मदर्शकात बघू दिलं. पेशींची केंद्रं तपकिरी दिसत होती. हे प्रथिन वाढीला लगाम घालतं, त्या म्हणाल्या, पण बिघडलं की केंद्रात साचून राहतं. अशी केंद्रं पुष्कळ असली की आजार बहुधा खोल जातो. पण हा पुष्कळ रोग्यांवरून बांधलेला अंदाज, एका माणसाचं भविष्य नव्हे. मूत्राशय काढावं, असं त्यांचं मत पडलं.

बाबांनी विचारलं, "हा रंग कोणी दिला, बाई?"

"आम्हीच. त्याशिवाय प्रथिन दिसत नाही."

"पक्का दिलाय," बाबा म्हणाले. मग त्यांची नखं बघून बाईंनी विचारलं, शेतात हात इतके लाल कसे होतात? बाबा हसले. "मेंदी लावली."

बाईही हसल्या, पण नजर माझ्याकडे होती. रंगकामगारांत हा आजार जास्त आढळतो, त्या म्हणाल्या, म्हणून त्या कामाची नोंद ठेवतात. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी, पत्रकं लिहिणारी, गप्प बसले.

मूत्राशय काढलं. पोटावर पिशवी आली. तरी आजार हाडांत पोचला आणि पुढच्या दिवाळीआधी बाबा गेले.

आम्ही भरपाई मागायला गेलो, तेव्हा कारखान्याच्या साहेबाने इस्पितळाचा कागद मागितला. वाचून तो माझ्यापुढे सरकवला. "हे तर शेतकरी होते." ठेकेदाराच्या हजेरीपटावर बाबांचं नाव सापडलंच नाही. कागदावरचं अक्षर माझं होतं. बाबांच्या टाकीवर आता बेटेगावचाच दुसरा माणूस आहे, आणि त्यालाही गुळाचा खडा मिळतो.

म्हणून हे वाचणाऱ्याला एवढंच सांगते. लघवी लाल दिसली तर बॅच संपायची वाट बघू नका, त्याच दिवशी तपासून घ्या. आणि केसपेपरवर धंद्याच्या रकान्यात आपलं खरं काम लिहा: कारखाना, खातं, किती वर्षं. लिहिता येत नसेल तर शेजारच्याकडून लिहून घ्या, आणि मग ते त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या.