मनगटावरचा हात

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं, तेव्हा समता कॉलनीतल्या एका दवाखान्यात माझं पित्ताशय काढलं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. बोलताना माझ्या मनगटावरचा हात त्या काही काढत नव्हत्या.

“काका, हे औषध तुमच्या कमजोर हृदयाले सोसते. पण ताणात शरीराले सावरणारं हार्मोन ज्या ग्रंथी बनवतात, त्या यानं काही तास सुस्तावतात.”

मी आधीच घाबरट. “मग मले कोण सांभाळन?”

“मी बसून राहीन नं!”

संध्याकाळी डोळे उघडले, तर त्या स्टुलावर बसून जांभई दाबत होत्या. हात तिथंच होता.

“उठल्या का माझ्या ग्रंथी?”

“हव, उठून राहिल्या,” त्या हसल्या आणि मनगट सोडलं. “घ्या, आता तुमचे तुम्ही सांभाळा.”

मी माझा हात मात्र तिथंच, त्यांच्यापुढे ठेवला.