कापसाच्या खोलीतली होळी

आज वाचनकट्ट्यावर एका तरुण लेखिकेने स्वमग्न मुलीची गोष्ट वाचली. काळ साठच्या दशकातला, गाव तापीकाठचं.

एक गृहस्थ म्हणाले, "तेव्हाची अडाणी आई एवढी समजूतदार? तिनं पोरीला बांधूनच ठेवलं असतं. बदला ते." लेखिका खोडायलाच निघाली!

मी म्हटलं, थांब. यांनी तापी फक्त पुलावरून पाहिली असेल. त्याच काळात, तापीकाठच्याच माझ्या गावी, माझ्या लहानपणी शेजारच्या जमनामावशी होळीचे ढोल वाजू लागले की लेकीला घेऊन कापसाच्या खोलीत बसायच्या. ढिगाआड आवाज कमी यायचा.

जाऊ हिणवायची, "पोर येडी शे, तू बी येडी व्हयनी का?"

"येडी नही. तिले ढोल टोचस."

पुढे ढोल वाजताच लेक आपणहून आत जाऊन दार लावू लागली. तेव्हा कुठे मावशींनी कितीतरी वर्षांनी होळी पाहिली.

लेखिकेने आई तशीच ठेवली. तुमच्याही गल्लीत अशी आई होती ना?