एक हात वर

फौज सोडून मला तीसेक वर्षं झाली. सध्याची पोस्टिंग मुलुंड पूर्व, दुसरा मजला. कमांडिंग ऑफिसर म्हणजे सूनबाई. पहाटे उठतो, दाढी करतो, दुधाच्या सेंटरवर रांगेत उभा राहतो. रांगेत कोणी मधे घुसला तर माझा आवाज अजून परेड ग्राउंडवरचा निघतो. त्यामुळे आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे मला सुभेदारसाहेब म्हणतात, आणि माझ्या पाठीमागे आणखी काहीतरी म्हणतात.

गेल्या जानेवारीत येसू घरी आली. येसू म्हणजे माझ्या गावच्या सखारामची धाकटी बहीण. सखाराम आणि मी एका वर्गात शिकलो, एकाच दिवशी भरती झालो, एका पलटणीत होतो. दुसऱ्या महायुद्धात तो आफ्रिकेत पडला आणि मी परत आलो. येसू घाटकोपरला टेकडीवरच्या वस्तीत राहते. गिरण्यांचा संप फिसकटल्यापासून तिचा मुलगा रिक्षा चालवतो. नात तिथल्याच म्युनिसिपालिटीच्या शाळेत जाते. शाळेला सव्वीस जानेवारीसाठी प्रमुख पाहुणा हवा होता, शक्यतो फौजी. येसूने परस्पर माझं नाव देऊन टाकलं होतं. मी सखारामविषयी बोलायचं, हेही तिनेच ठरवलं होतं.

मी कुरकुर केली. ती ऐकून घेणारी नाही. चहाचा कप खाली ठेवून तिने तिचा नेहमीचा प्रश्न विचारला.

"पांडूदादा, एकदा तरी माका सांग. जाताना तो काय बोललो?"

भेट झाली की ती हे विचारायचीच. मी दरवेळी सांगायचो, बोलायला वेळच मिळाला नाही त्याला. त्या दिवशीही तेच सांगितलं. तिने मान हलवली, पण तिचा विश्वास बसला नव्हता, हे मला दिसत होतं.

त्याचं उत्तर सांगायचं तर आधी आमच्या शाळेत जावं लागतं.

आमचं गाव मालवणच्या बाजूचं. सातवीला आम्हाला जे मास्तर होते ते देशासाठी तळमळणारे होते. इंग्रजाचं नाव काढलं की त्यांच्या कपाळाची शीर उडायची. शनिवारी ते आमच्याकडून लाठीची कवायत करून घेत. आम्हाला ती फार आवडायची, कारण त्या वेळात गणित नसे. पेपर गावात चार दिवसांनी यायचा. त्यातले फोटो कापून मास्तर पुठ्ठ्यावर चिकटवायचे. इटलीचा पुढारी गच्चीवर उभा आहे, खाली हजारो माणसं आहेत, आमच्या वयाची पोरं काळे शर्ट घालून लाकडी बंदुका खांद्यावर घेऊन चालली आहेत, असे ते फोटो. मास्तर म्हणायचे, बघा, काल लोक ह्या देशाला हसत होते आणि आज तो एका माणसाच्या शब्दावर उभा राहतो. मला ते खरं वाटायचं. एका शब्दावर उभं राहणं मला आजही आवडतं, नाहीतर फौजेत टिकलो नसतो. पण त्या फोटोत जे उभे नव्हते ते कुठे गेले, हे विचारावं असं आमच्यापैकी कोणाला सुचलं नाही. मास्तरांनाही नाही.

एकदा त्यांनी असाच एक फोटो वर्गात फिरवला. मैदानभर मुलं, सगळ्यांचा उजवा हात ताठ वर. मास्तरांनी विचारलं, ह्यातून काय शिकाल? सखाराम उभा राहिला.

"मास्तर, हेंका सगळ्यांका एकदम लागली काय?"

आमच्या शाळेत हात वर करायचं एकच कारण असायचं, तेही करंगळी दाखवून. वर्गात हशा फुटला. शाळेचे सगळे वर्ग एकाच खोलीत भरायचे; मुलींच्या रांगेत बसलेली येसू, तेव्हा आठ-नऊ वर्षांची, हसून हसून बाकाखाली गेली. सखारामला छड्या बसल्या. छड्या खातानाही तो दात काढत होता. संध्याकाळी मास्तर त्याच्या घरी जाऊन हाताला तूप लावून आले. माणूस वाईट नव्हता.

चार वर्षांनी आम्ही भरती झालो. देशासाठी वगैरे नाही, पोटासाठी. ज्या इंग्रजावर मास्तर जळफळायचे त्याचाच पट्टा आम्ही कमरेला बांधला. मास्तरांनी बरेच दिवस आमच्याशी बोलणं टाकलं. बराकीत एक हवालदार पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा. इटलीने हबशांचा देश गिळला, जर्मनीने शेजारचा मुलूख घेतला. रोज नवा नकाशा. सखाराम म्हणायचा, ह्या लोकांना घरी बसवत नाही का? मग एक दिवस लढाई लागली आणि आम्हालाही घरी बसता येईना. आम्हाला बोटीत घातलं आणि आफ्रिकेला उतरवलं.

एकेचाळीसच्या सुरुवातीला आमची पलटण एरिट्रियाच्या डोंगरात होती. उघडे, दगडी डोंगर. पाणी खालून खेचरावर यायचं आणि पुढे खांद्यावर. वरच्या प्रत्येक सुळक्यावर इटालियन बसलेले. सखाराम तोवर नाईक झाला होता, आमचा सेक्शन कमांडर. मी लान्स नाईक, त्याच्या हाताखाली. त्याला सॅल्यूट करावा लागत नाही याचा मला आनंद होता.

त्या सकाळी आमच्या प्लाटूनने एक पोस्ट घ्यायची होती. साडेसातच्या सुमारास आम्ही शेवटच्या दगडांपर्यंत पोचलो. वरून गोळीबार बंद झाला. प्लाटूनचे कमांडर जमादारसाहेब उजवीकडून ओरडले, "सेक्शन, फायर बंद. वाट बघा." आम्ही वाट बघत बसलो.

समोर दगडांच्या आडोशामागून एक शिपाई उभा राहिला. पोरगाच होता. डोक्यावर हेल्मेट नाही, चेहरा धुळीने पांढरा. त्याने उजवा हात ताठ वर केला, पंजा उघडा, आणि काहीतरी ओरडला. डावा हात दगडाआड होता. आमच्या ब्रेनगनवाल्याचं बोट ट्रिगरवर गेलं.

सखारामने माझ्याकडे पाहिलं. सातवीतला तोच चेहरा.

"पांडू, ह्येका पण लागली वाटता."

मला हसू फुटलं. सखाराम ब्रेनगनवाल्याला म्हणाला, "जांव दे तेका." मग तो उभा राहिला, रायफलची नळी खाली केली आणि मोकळ्या हाताने त्या पोराला खाली ये, खाली ये असं खुणावलं.

पोराचा डावा हात बाहेर आला. इटालियन ग्रेनेड लहान असतो, लाल रंगाचा. सखाराम जागीच गेला. मला मांडीत तुकडे लागले. ब्रेनगन चालली आणि पोरगा दगडांवर पडला.

थोड्या वेळाने सिग्नलवाल्याने टेलिफोनची लाइन वर आणली. मी पडल्या पडल्या ऐकत होतो. जमादारसाहेबांनी रिपोर्ट दिला, "पोस्ट आपली. कैदी एक, जखमी. आपला एक नाईक संपला."

तिकडून विचारलं, "कोण?"

"सखाराम."

मग उत्तर आलं, "ठीक. पाणी वर पाठवतो."

फील्ड हॉस्पिटलमध्ये त्याच पोराचं स्ट्रेचर माझ्या शेजारी आलं. त्याच्या पोटाला आणि पायाला गोळ्या होत्या. सुरुवातीला मी त्याच्याकडे पाठ करून झोपायचो. खरं सांगायचं तर त्याचा गळा दाबावा असं मला वाटत होतं, आणि उठता येत नाही म्हणून तो वाचतोय याचा राग येत होता. पण तो झोपेत कण्हायचा तो अगदी आपल्याकडच्या पोरांसारखा, आईला हाक मारत. राग किती दिवस धरणार?

पकडलेला एक इटालियन डॉक्टर त्या वॉर्डात काम करायचा. त्याला थोडं इंग्रजी यायचं आणि आमचा नर्सिंग ऑर्डर्ली पुण्याचा, मॅट्रिक झालेला. अशा दोन पुलांवरून त्या पोराचं बोलणं माझ्यापर्यंत यायचं. त्याचं नाव आल्दो. वडील सुतार. आठ वर्षांचा असताना त्याला काळा शर्ट मिळाला आणि वडिलांनीच बनवलेली लाकडी बंदूक. दर शनिवारी कवायत. ते ऐकून मी कूस बदलली आणि पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. वर्गात पुढाऱ्याचा फोटो. सकाळी फोटोला हात, संध्याकाळी फोटोला हात. ज्या मास्तरांनी फोटो लावायला टाळाटाळ केली ते एक दिवस शाळेत आलेच नाहीत, आणि ते कुठे आहेत हे घरात विचारायचीही चोरी. एकदा वडील दारूच्या गुत्त्यात पुढाऱ्याविषयी काही उलटं बोलले. रात्री काळ्या शर्टवाले घरी आले आणि त्यांनी वडिलांना बाटलीभर एरंडेल पाजलं. साऱ्या गल्लीसमोर वडिलांची फजिती झाली. आल्दोला त्यांची इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवशी शाळेत तो सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडला.

मी विचारलं, मग त्या दिवशी दोन्ही हात का वर केले नाहीस? आम्ही तुला मारणार नव्हतो. हा प्रश्न दोन पूल ओलांडून त्याच्याकडे गेला. तो म्हणाला, एक हात वर करायला रोज शिकवायचे. दुसरा हात वर करतात ते भित्रे, एवढंच शिकवलं होतं.

मग त्याने विचारलं, तुझा तो माणूस मला बघून हसला का?

मी सांगितलं. आमच्या शाळेत हात वर केला की त्याचा अर्थ काय होतो, ते पुण्याच्या ऑर्डर्लीने हसू दाबत इंग्रजीत सांगितलं आणि डॉक्टरने इटालियनमध्ये. आल्दो हसायला लागला. पोटाचे टाके दुखत होते तरी त्याला हसू आवरेना, आणि हसता हसताच तो रडायला लागला. डॉक्टर बाहेर निघून गेला. मीही रडलो. सखारामसाठी मी पहिल्यांदा रडलो तो त्याला मारणाऱ्याबरोबर.

पुढे आल्दोच्या जखमेत पू झाला. त्याच आठवड्यात तो गेला.

सखारामच्या घरी सरकारी पत्र गेलं होतं, शत्रूशी लढताना वीरमरण. त्याच्या आईने ते फ्रेम करून देवाशेजारी लावलं. मी रजेवर गावी गेलो तेव्हा मास्तर त्या फ्रेमपुढे उभे होते. मला म्हणाले, ते सगळे फोटो मी चुलीत घातले. त्या आईला मी काय सांगणार होतो, की तुमचा मुलगा मुतारीच्या विनोदावर गेला? ती गेल्यावर येसूला सांगायचं, असं ठरवलं होतं. आई गेली आणि तरी जीभ उचलली नाही.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. मी मेडल लावून गेलो. स्टेजवर माझ्या शेजारी येसूला बसवलं होतं, वीरभगिनी म्हणून, नव्या लुगड्यात. झेंडा फडकला. मग पीटीच्या सरांनी ऑर्डर दिली, "प्रतिज्ञा. हात पुढे."

शेकडो उजवे हात एकदम पुढे आले.

प्रतिज्ञा मला पाठ आहे. त्यात साऱ्यांना बांधव म्हटलं आहे, एका माणसाचं नाव त्यात नाही, हे मला चांगलं माहीत आहे. शब्द वेगळे होते. हात मात्र तसेच होते, आणि हातामागचे चेहरे तेवढेच लहान. माझा हात उठेना. मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडे तिरकं पाहिलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक चिमुरडी दिसली. तिचाही हात पुढे होता, पण मूठ वळून करंगळी वर, आणि पाय एकावर एक. बाई तिच्याकडे डोळे वटारून बघत होत्या. माझ्या तोंडून परेडचा आवाज निघाला.

"जाऊ दे तिला."

मुलगी सुसाट पळाली. शेजारी येसू पदर तोंडाला लावून हलत होती. तिला तो वर्ग आठवला होता. हसता हसता ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग प्रतिज्ञा चालू असतानाच मी तिला हळू आवाजात सगळं सांगितलं. तो काय म्हणाला ते, दोन्ही वाक्यं, जशीच्या तशी.

तिने डोळे पुसले नाहीत. विचारलं, "म्हणजे हसत गेलो?"

"हो."

"ह्याच सांग तेंका."

मी माइकपुढे गेलो आणि हेच सांगितलं. बाईंना शौर्यकथा हवी होती, त्या चुळबुळत होत्या. लागली म्हटल्यावर पोरं हसली आणि लाल ग्रेनेडपाशी गप्प झाली. टाळ्या पडल्या नाहीत. शेवटी बाईंनी उठून सांगितलं, शहीद सखाराम यांच्यासाठी सर्वांनी शांत उभं राहावं. सगळे उठले. येसूने मागून माझी बाही ओढली.

"आणि त्या पोराचा नाव काय होता?"

मी पुन्हा माइककडे वळलो आणि दोन्ही नावं घेतली. सखाराम. आल्दो.

मैदान शांत होतं. ती चिमुरडी ओले हात फ्रॉकला पुसत परत आली, सगळे गप्प बघून दबकत आपल्या जागी गेली आणि दोन्ही हात खाली सोडून उभी राहिली.