प्रस्थान कोणाचं?

विमानात आधी कोणी बसायचं, हे आमच्या लग्नात ठरलं नव्हतं. मीच बसणार, असं मी धरून चाललो होतो. मी बँकेत कारकून, बायको सुनंदा कॉम्प्युटर कंपनीत. साल दोन हजार उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर खुळावणार अशी हूल तेव्हा उठली होती. ते होऊ नये म्हणून कंपनीने माझ्या बायकोला तीन महिने जर्मनीला पाठवायचं ठरवलं. मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

मी जळलो. उगाच सभ्य शब्द कशाला शोधू? लोक रस्त्यात मला थांबवून तिचं अभिनंदन करायचे आणि मी "सांगतो तिला" म्हणायचो (सांगत नसे). आईने सुनेसाठी मंडईतून लिंबं आणून लोणचं घातलं. त्याच आठवड्यात मी सर्दीने बेजार होतो, पण आल्याचा चहासुद्धा मागून घ्यावा लागला.

बॅगेचं वजन करायला रद्दीवाल्याला काटा घेऊन वर बोलावलं. त्याने सवयीने विचारलं, "इंग्रजी का मराठी?"

"जर्मनी," आई म्हणाली. बॅग काट्याला लटकवून धरायचं काम माझं होतं.

मग आईने कॅलेंडर पाहिलं. निघायच्या दिवशी नेमकी अमावस्या! "दोन दिवस आधीच प्रस्थान ठेवू," ती म्हणाली. (म्हणजे चांगल्या दिवशी आपलं एखादं वस्त्र सुपारी-हळकुंडासह बांधून शेजाऱ्यांकडे ठेवायचं आणि प्रत्यक्ष निघताना ते उचलायचं. देवाच्या लेखी आपण त्या चांगल्या दिवशीच निघालेले असतो.) सुनंदा ऑफिसात होती, म्हणून गाठोडं मी बांधायचं ठरलं. आईने तिची ओढणी माझ्या हातात दिली.

मी ओढणी कपाटात ठेवली आणि माझा निळा शर्ट घेतला. म्हटलं, देवाने घाईघाईत पुढचा नंबर माझा लावला तर लावला. शेजारीच टेबलावर तिचा पासपोर्ट होता. तो उघडून मी तिच्या फोटोवर माझा फोटो टाचणीने लावला आणि लांब धरून पाहिला. मी जर्मनीला अगदी शोभत होतो.

"झालं का रे?" आई दारात. मी दचकून पासपोर्ट शर्टाच्या घडीत कोंबला आणि गाठ मारली. आईने तसंच गाठोडं उचललं आणि समोरच्या दामलेकाकूंकडे नेऊन दिलं. पासपोर्टचं मी पार विसरून गेलो.

आठवलं ते थेट निघायच्या दिवशी. खाली मुंबईची टॅक्सी उभी, आणि सुनंदा तिसऱ्यांदा बॅग उपसत होती. मीही शोधू लागलो. डाळीच्या डब्यातसुद्धा हात घातला. मग हळूच समोरची बेल वाजवली.

"काकू, ते गाठोडं जरा द्या."

"तुम्ही निघालात का?"

"मी नाही, सुनंदा."

"मग तिला पाठवा. ज्याचं प्रस्थान, त्याने उचलावं." दार बंद झालं.

परत आलो तर सुनंदा कंपनीला फोन लावत होती. "येत नाही म्हणून कळवते," ती म्हणाली. मी गप्प राहिलो असतो तर विमान गेलं असतं आणि बायको माझ्यासारखीच जमिनीवर राहिली असती. हा विचार मी केला. चांगलं अर्धं मिनिट केला. तेवढ्यात तिने डोळे पुसत मलाच विचारलं, "अहो, आता काय करू हो?"

"काकूंकडचं गाठोडं उघड," मी म्हणालो.

जिन्यातच गाठ सुटली. निळा शर्ट, सुपारी, पासपोर्ट, आणि पासपोर्टात हसतमुख मी. सुनंदाने टाचणी काढून फोटो माझ्या हातात दिला. "चांगला आलाय," ती म्हणाली.

"शर्टाला इस्त्रीपण आहे," दामलेकाकू म्हणाल्या.

आई मात्र विचारात पडली होती. "पासपोर्ट आत होता, म्हणजे सुनंदाचं प्रस्थान झालं. पण शर्ट याचा, म्हणजे याचंही झालं. ठेवलेलं प्रस्थान परत घरात आणत नाहीत. तू आत येऊ नकोस."

"अगं, मग मी जाऊ कुठे?"

"गावाबाहेर. तीन रात्री राहून ये. खडकीला मामा आहे."

"खडकी गावाबाहेर धरतात?"

"तुझ्यापुरती धरतात."

टॅक्सीत कंपनीचे आणखी तिघं होते, त्यामुळे मला जागा नव्हती. काखेत गाठोडं मारून मी शिवाजीनगरहून लोकल पकडली आणि मामाच्या क्वार्टरमध्ये जाऊन पडलो. दुसऱ्या दिवशी तिथेच सुनंदाचा जर्मनीहून फोन आला.

"सुखरूप पोचलात ना?" तिनेच मला विचारलं.

"हो," मी म्हणालो, "खिडकी मिळाली होती."